लोखंड शिकान काय करतलस गो?

पत्र मोठं होतं, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"ताई, मी २४ वर्षांची, देवगडची. पुण्याला मेटलर्जीत बी.टेक. केलं, आता एम.टेक.चं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. ज्या सरांकडे प्रोजेक्ट केला त्यांनी पीएच.डी.साठी विचारलंय, विषय खूप जास्त तापमानात टिकणारे नायोबियम या धातूचे अलॉय, म्हणजे मिश्रधातू. त्याच वेळी चाकणच्या एका फोर्जिंग (तापवलेला धातू दाबून घडवणाऱ्या) कंपनीची वर्षाला ७ लाखांची ऑफर हातात आहे. बाबांची मासेमारीची होडी आहे, भाऊ बारावीला. आई म्हणते, लोखंड शिकान काय करतलस गो, अजून पाच वर्षं शिकलीस तर लग्न कधी. आणि मलाही कळत नाहीये की 'एक्स्ट्रीम कंडिशन्स' म्हणजे खरंच काही आहे की ग्रँट, म्हणजे संशोधनाचा निधी, मिळवायचं नाव आहे, आणि एवढं करून मी कोकणात परत येऊ शकेन का. लहानपणी बाबांच्या होडीचा पितळी पंखा एका सीझनला लालसर पडला आणि पात्याची कड हातानं मोडली, तेव्हापासून मला हे शिकायचं होतं. पण तेवढ्यावर पाच वर्षं द्यायची का?"

बाळा, आधी माझं मत सांगून टाकते म्हणजे तू शेवटपर्यंत जीव टांगणीला लावून वाचणार नाहीस. पीएच.डी. कर. पण त्याच सरांकडे करायची का हे अजून ठरवू नकोस, आणि घरी 'मला करायचीच आहे' असं सांगायच्या आधी पैशाचा हिशोब कागदावर मांड. मी २९ वर्षं धातुशास्त्र शिकवलं, मूळची वेंगुर्ल्याची, तेव्हा तुझ्या पत्रातलं घर मला न सांगता दिसलं.

सुरुवात पंख्यापासून करते, कारण तू तो शेवटी आणि जरा लाजत लिहिलायस आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. पंख्याच्या त्या धातूला बाजारात मँगनीज ब्राँझ म्हणतात पण तो मुळात पितळच, तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे राहतं, आकार तोच राहतो, पात्याची वळणं तीच राहतात, पण आतून स्पंज झालेला असतो. लाल रंग त्या उरलेल्या तांब्याचा. याला डिझिंकिफिकेशन म्हणतात, हा शब्द तू परीक्षेत लिहिला असशील, पण तू तो हातात मोडून बघितलायस आणि माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो फक्त स्लाइडवर बघितला होता. बाबा तळाला झिंकचे ठोकळे लावतात ना, ते झिजून जातात आणि पंखा आणि शाफ्ट वाचतात, तेही यातलंच.

आता तुझा प्रश्न, की एक्स्ट्रीम म्हणजे नक्की काय. लोकांना वाटतं तापमान. खरं तर चार गोष्टी एकत्र धराव्या लागतात, किती तापमान, किती ओढ, आजूबाजूला हवा कसली आणि किती वेळ. यातली एक जरी सांगितली नाही ना तर 'हा धातू टिकतो' या वाक्याला अर्थच राहत नाही. जेट इंजिनच्या टर्बाइनचं पातं घे. निकेल १४५५ अंशांना वितळतं आणि पात्यावर येणारा वायू त्याच्यापेक्षाही गरम असतो, तरी ते पातं राहतं, कारण आतून बारीक नळ्यांतून हवा खेळवलेली असते, वरून सिरॅमिकचा थर असतो आणि आधुनिक इंजिनात सगळ्यात तापणारं पातं एकाच क्रिस्टलचं ओतलेलं असतं म्हणजे आत सांधेच नाहीत. हे ओतकाम किती देशांना जमतं ते बोटांवर मोजावं लागतं. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातुसंशोधन लॅबनं २०२१ मध्ये हेलिकॉप्टर इंजिनसाठी अशी ६० पाती एचएएल या सरकारी विमान कंपनीला बनवून दिली तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या लोकांना झालेला आनंद मला अजून आठवतो, कारण त्यामागे किती वर्षांची खराब निघालेली पाती असतात ते आम्हाला माहिती असतं.

आणि आता यात आपलं खारं वारं आण. विक्रांत या आपल्या विमानवाहू नौकेवर चार गॅस टर्बाइन आहेत, जेट इंजिनाच्याच जातीची, समुद्रावर हवा आत घेणार म्हणजे मीठ आलंच, कितीही गाळून घेतलं तरी थोडं जातंच. इंधनातलं गंधक आणि हवेतलं मीठ मिळून सोडियम सल्फेट बनतं, ते पात्यावर बसतं, ८८४ अंशांना वितळतं, आणि धातूनं स्वतःच्या रक्षणासाठी अंगावर धरलेली ऑक्साइडची पातळ साय असते ना, ती त्या वितळलेल्या थरात विरघळते. याला हॉट करोजन म्हणतात. म्हणजे जे मीठ तुझ्या घराच्या खिडकीचे गज दोन वर्षांत खातं, ज्याच्यामुळे पत्रे बदलावे लागतात, तेच मीठ टर्बाइनच्या पात्यांच्या निकेलच्या अलॉयलाही (त्याला सुपरअलॉय म्हणतात) खातं, फक्त तिथे ते कितीतरी लवकर खातं. बाबांची होडी आणि विमानाचं इंजिन ही दोन वेगळी जगं आहेत असं तुझ्या पत्रात कुठेतरी धरून चाललीयस, ते आधी डोक्यातून काढ.

तुझ्या नायोबियमकडे येते. हा धातू २४७७ अंशांना वितळतो, निकेलपेक्षा हजार अंश वर, तेव्हा कागदावर बघितलं तर प्रश्नच मिटला. पण हवेत सहाशेच्या आसपासच तो ऑक्सिजन प्यायला लागतो, ऑक्साइड धरतो पण साय धरत नाही, पोपडे निघतात, आणि आत शिरलेला ऑक्सिजन उरलेल्या धातूला ठिसूळ करतो. म्हणून त्याला सिलिसाइडचा, म्हणजे सिलिकॉनच्या संयुगाचा, लेप द्यावा लागतो आणि लेपाला एक चीर गेली की संपलं. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनाचा नॉझल, म्हणजे गरम वायू बाहेर पडायचं तोंड, याच नायोबियमच्या अलॉयचा, जुन्या नावानं त्याला कोलंबियम म्हणतात. पण इस्रोनं एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या जागी कार्बन-कार्बनचा (कार्बनमध्येच कार्बनचे धागे बसवलेला) नॉझल केल्याचं जाहीर केलं, त्यानं नॉझलचं वजन सुमारे ६७ टक्क्यांनी कमी होतं. हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये. ज्या विषयाला तू पाच वर्षं देणार त्याचा प्रतिस्पर्धी कोण हे पहिल्या दिवसापासून माहीत असावं, आणि सरांना सरळ विचारावं की सर, जिथे कार्बन किंवा सिरॅमिक चालत नाही आणि धातूच लागतो अशी जागा कुठली. ते उत्तर देताना खुलले तर तिथे विषय आहे. नुसतं 'हायपरसॉनिक, स्पेस, न्यूक्लिअर' अशी नावं घेत गेले तर मात्र तुझी ग्रँटबद्दलची शंका बरोबर आहे.

फॅशन प्रत्येक विषयात येते. २००४ मध्ये इंग्लंड आणि तैवानमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे पाच-सहा धातू सारख्या प्रमाणात मिसळून बघितले आणि तिथून हाय एन्ट्रॉपी अलॉय हे नाव इतकं चाललं की मग ज्याला त्याला त्यावरच पेपर हवा झाला, नव्वद टक्के वेळा नुसतं नवीन मिश्रण ओतायचं आणि कडकपणा मोजून मोकळं व्हायचं. पण त्यातूनच क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेलच्या अलॉयबद्दल २०१४ मध्ये कळलं की उणे १९६ अंशांना, जिथे साधं पोलाद काचेसारखं फुटतं, तिथे हा आपला चिवटपणा टिकवून राहतो. तेव्हा नाव फॅशनचं असलं म्हणून काम खोटं असतंच असं नाही. काम खरं की खोटं ते टेस्ट किती तास चालवली यावर ठरतं, निदान माझ्यापुरतं तरी.

आता हा वेळेचा भाग तुला कोणी नीट सांगितला नसेल. आपल्या कौलारू घरात वासा बघितलायस ना, आजोबांच्या काळात सरळ असलेला आणि आता मधे खाली आलेला, कौलांचं वजन तेच, वासा तोच, त्याला वाकताना कोणीही बघितलेलं नाही. गरम धातू भाराखाली असाच वाकत जातो, त्याला क्रीप म्हणतात. वीजकेंद्राच्या बॉयलरमधल्या नळ्या १ लाख तास टिकाव्यात असं धरून डिझाइन करतात, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त, आणि ते आधी लॅबमध्ये दाखवायचं. जपानमध्ये तर एकच क्रीप टेस्ट १९६९ मध्ये लावली ती २०११ पर्यंत चालली. ज्यांनी लावली ते रिटायर झाले आणि सॅम्पल तसंच लटकत होतं.

माझ्या स्वतःच्या पीएच.डी.त निकेलच्या अलॉयचं एक सॅम्पल ६५० अंशांना लावलं होतं. करंगळीपेक्षा बारीक दांडी, दोन्ही टोकांना आटे, खाली तरफेला वजनं, आणि मी रोज सकाळी आणि रात्री डायल गेज वाचून वहीत लिहायचे. आठवड्याला केसाएवढं लांबायचं. १७०० तासांच्या वर झाले होते. गणपतीत चार दिवस घरी गेले, परत आले तर फर्नेस थंड. रात्री वीज गेली होती, जनरेटर सुरूच झाला नव्हता, आणि कोणाला फोन करायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. थंड होऊन परत तापलेलं सॅम्पल त्या टेस्टला चालत नाही. अडीच महिने गेले. मी तिथेच स्टुलावर बसून रडले, मग नवीन सॅम्पल कापायला वर्कशॉपला गेले कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. ते दुसरं सॅम्पल पुढच्या वर्षी तुटलं, अगदी नीट तुटलं, आणि माझा तिसरा चॅप्टर त्याच्यावर उभा आहे.

हे सांगण्याचं कारण, तू गाईड बघताना लोक तुला त्यांचे पेपर मोजायला सांगतील. तू लॅबमध्ये जा. क्रीपची किंवा हाय टेंपरेचर टेस्टची मशिनं किती, त्यातली चालू किती, नंबर किती महिन्यांनी लागतो, वीज गेली तर काय होतं, रात्री लॅबमध्ये कोण असतं. मुलगी म्हणून रात्रीचं तू विचारलं नाहीस पण मी विचारते, कारण फर्नेस रात्री बघावीच लागते, तेव्हा एकट्यानं थांबायचं नाही असा नियम तिथे आहे का आणि तो पाळला जातो का हे सीनियर मुलींना विचार, सरांना नको. त्यांनाच हेही विचार की मागच्या पाच-सहा जणांची पीएच.डी. किती वर्षांत संपली आणि अर्धवट सोडून कोण गेलं. जे सोडून गेले त्यांचा नंबर मिळव, त्यांच्याशी अर्धा तास बोल. मी हे कुणाला सांगितलं आणि उपयोग झाला नाही असं अजून झालेलं नाही. एक दिवस आर्क मेल्टरवर, म्हणजे विजेच्या ठिणगीनं धातू वितळवायच्या यंत्रावरही बसून घे, त्यात अलॉयचे जे गोळे होतात त्यांना बटणं म्हणतात, ती पेढ्याएवढी असतात, आणि एका बाजूनं वितळली की उलटायची, घावन उलटतो तशी, परत वितळवायची, असं चार-पाच वेळा, नाहीतर नायोबियम एकीकडे आणि टायटॅनियम एकीकडे राहतं. पाचव्यांदा उलटतानाही तुला ते बघावंसं वाटलं तर बरं लक्षण आहे.

पैशाचं. जानेवारी २०२३ पासून फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार आहे, हॉस्टेलला नसशील तर घरभाडं वेगळं. पाच वर्षांचे साधारण २४ लाख होतात. चाकणचे ७ लाख पगारवाढ न धरता पाच वर्षांत ३५ लाख. म्हणजे अकरा लाखांचा फरक तर उघड आहे, पगारवाढ धरली तर जास्तच, आणि भाऊ पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार. शिवाय फेलोशिप कधी कधी दोन-तीन महिने थकते, मग एकदम येते, तेव्हा सुरुवातीला तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय जाऊ नकोस. घरावर होडीचं कर्ज असेल आणि हप्ते तुझ्यावर येणार असतील, तर माझा सल्ला बदलतो, आधी दोन वर्षं चाकण कर. फोर्जिंगमध्ये गरम धातू दाबाखाली कसा वाहतो ते तिथे रोज दिसेल, ती दोन वर्षं वाया जात नाहीत, फक्त गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो हे लक्षात ठेव आणि सरांना स्पष्ट सांगून जा. तू पत्रात कर्जाचं काही लिहिलं नाहीस म्हणून नाही असं धरतेय.

पुढे नोकरी कुठे, तर इथे मी गोड बोलणार नाही. आयआयटी, एनआयटीत प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरती संशोधनाची नोकरी, बहुतेक वेळा परदेशात, हे जवळपास धरूनच चालतात, म्हणजे कायमची जागा लागेपर्यंत तू तिशी ओलांडलेली असशील. पण या विषयाचं एक बरं आहे की विद्यापीठ हाच एक दरवाजा नाही. हैदराबादला डीएमआरएल, तिथेच मिधानी जिथे हे अलॉय खरोखर बनतात, जमशेदपूरला एनएमएल ही राष्ट्रीय धातू प्रयोगशाळा, कल्पाक्कमला आयजीसीएआर हे अणुसंशोधन केंद्र जिथे सोडियमनं थंड होणाऱ्या रिअ‍ॅक्टरचं पोलाद हा रोजचा विषय आहे, आणि ट्रॉम्बेला बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र. बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलला मेटलर्जीवाले घेतात आणि नोकरीत राहून पीएच.डी.ही करता येते, पहिल्यापासून पगार. हा रस्ता तू पत्रात धरलेलाच नाहीस. सरांना हो म्हणायच्या आधी ती जाहिरात बघ, वयाची अट बघ, आणि ट्रॉम्बेहून कणकवली एका रात्रीची गाडी आहे हे आईला सांग, हैदराबादपेक्षा तिला ते जास्त कळेल.

आईचं वाक्य मी दोनदा वाचलं. 'लोखंड शिकान काय करतलस' हा टोमणा नाही गं. तिला तुझ्या कामाचं चित्रच दिसत नाहीये, डॉक्टर म्हटलं की दिसतं, मास्तरीण म्हटलं की दिसतं, आणि शेजारणीनं विचारलं तर काय सांगायचं हा तिचा रोजचा प्रश्न आहे. विमान, रॉकेट सांगू नकोस, ते तिला अजून लांब नेईल. जूनमध्ये जा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, बाबा घरी, शाफ्ट-पंखा उघडा पडलेला असतो. पहिल्या दिवशी काही बोलू नकोस, बाबांबरोबर पंखा घासायला बस. पात्याची लाल कड दाखव, सांग हे का होतं, झिंक कुठे लावलं तर जास्त चालेल ते सांग, बाबांना त्यातलं अर्धं तुझ्यापेक्षा जास्त माहिती असेल, ते ऐकून घे. आई तिथेच कुठेतरी असणार. मग पैशाचा कागद काढ. लग्नाचं म्हणशील तर तारीख आणि वय यावर वाद घालू नकोस, एवढंच सांग की जो कोणी येईल त्याला पाच वर्षं मी लॅबमध्ये असणार हे आधी कळलेलं असेल. माझ्या दोन विद्यार्थिनींची लग्नं पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात झाली, दोघींची पीएच.डी. पूर्ण झाली, एकीला दीड वर्ष जास्त लागलं.

कोकणात परत यायचं, तर पुढची दहा-बारा वर्षं नाही. अशी लॅब तुझ्या जिल्ह्यात नाही आणि हे आत्ताच मान्य कर, नाहीतर दर गणपतीला परत जाताना स्वतःला फसवल्यासारखं वाटत राहील. पण कोकण तुझ्या कामात येऊ शकतं. किनाऱ्यावरच्या हवेत धातू किती खाल्ला जातो हे मोजायला मोठं मशीन लागत नाही. साध्या पोलादाच्या, गॅल्व्हनाइज्डच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तळहाताएवढ्या पट्ट्या कापायच्या, काट्यावर वजन करून मागे नंबर कोरायचा, घराच्या गच्चीवर तिरक्या लावायच्या, दुसरा संच घाटावर मैत्रिणीच्या घरी, आणि वर्षानं गंज रसायनानं काढून परत वजन करायचं. जगभर हवेची सी-१ ते सी-५ आणि त्याच्यावर सीएक्स अशी प्रतवारी अशाच मोजणीवर लावतात. हे पीएच.डी.च्या विषयाबाहेर आहे, सर कदाचित कपाळाला आठ्या घालतील, तरी कर. वर्षातून दोन दिवसांचं काम आहे, आणि दहा वर्षं सलग मोजलंस तर देवगडच्या हवेबद्दल तुझ्याकडे जे असेल ते विकत कुठे मिळणार नाही.

आणि तो जुना पंखा अजून घरी आहे का? बाबांना आजच फोन करून सांग की भंगारवाल्याला देऊ नका. असला तर मोडलेल्या कडेला लागून बोटभर तुकडा हॅकसॉनं काप, लॅबमध्ये माउंट कर, पॉलिश कर, आणि पिवळं कुठे संपतं नि लाल कुठे सुरू होतं ती रेघ मायक्रोस्कोपखाली बघ. त्याचा फोटो मला पाठव.